घरी जाणारी बाजू

मोजकर कुठल्याही दुकानाच्या जागेकडे तोंड करून उभे राहिले नाहीत. एखादा गाळा पसंत करायचा तर लोक त्याची दर्शनी रुंदी बघतात, छताची उंची बघतात, पाण्याचं कनेक्शन विचारतात. मोजकर गाळ्याकडे पाठ करायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. दुपारी चारला उभे राहिले की रात्री नऊला हलायचे. दोन्ही हात पँटच्या खिशात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरी भांडण झालेलं दिसतंय. प्रत्यक्षात दोन्ही खिशांत एकेक स्टीलचं छोटं यंत्र असायचं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे सरकवणारं. उजवा खिसा बायकांचा, डावा पुरुषांचा. लहान मुलं ते मोजत नसत. "त्यांना आणणारे मोजलेत," म्हणायचे.

एकदा एका हवालदाराने त्यांना हटकलं. सलग तिसऱ्या दिवशी हा माणूस त्याच कोपऱ्यावर उभा होता.

"काय करताय इथे?"

"माणसं मोजतोय."

"कशाला?"

"पगार मिळतो. तुम्ही आज इथून चार वेळा गेलात, पण मी तुम्हाला एकदाच धरलंय."

हवालदार दंडुका काखेत मारून पुढे निघाला.

मोजकर हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी ठेवलेलं नाव, पाठीमागे वापरायचं. समोर आम्ही काका म्हणायचो. एके दिवशी फोन आला, "मोजकर बोलतोय. आजचे आकडे लिहून घ्या." तेव्हापासून त्या नावातली मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं.

ते मूळचे कारखान्यातले. पिंपरीच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात 'वर्क स्टडी' नावाच्या खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि एक नट बसवायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहायचं, हे त्यांचं काम. कामगार अशा माणसाला काय म्हणत असतील ते सांगायला नको. मग देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या आल्या, कारखान्यात नवी यंत्रं आली आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढंच ते त्याविषयी बोलत. मिळालेल्या पैशातून त्यांनी धायरीत छोटं घर बांधलं. तेव्हा धायरी शहरात मोडत नव्हती. तेच सांगायचे, काकू म्हणतात, "यांनी घर बांधायच्या आधी तिथल्या म्हशीसुद्धा मोजल्या होत्या."

माझी त्यांची भेट झाली तेव्हा मी नुकतीच मॅनेजमेंटची पदवी घेऊन नोकरीला लागले होते. तळलेली कोंबडी विकणारी एक परदेशी कंपनी पुण्यात पहिलं दुकान काढणार होती. कंपनीचं नाव सांगण्याची गरज नाही, आणि तेव्हा सांगून फारसं कुणाला कळलंही नसतं. सगळं बाहेरून आलेलं होतं. वाफेच्या दाबाखाली तळणारी बंद झाकणाची यंत्रं, मसाल्याची सीलबंद पाकिटं, इंग्रजीतून हसून स्वागत कसं करावं याचं प्रशिक्षण. कोंबड्या तेवढ्या इथल्या. त्याही अमुकच वजनाच्या हव्या होत्या, म्हणून पुरवठादार वैतागला होता. "कोंबडीला वजनकाट्यावर उभं राहायला शिकवू का?" असं त्याने मला एकदा विचारलं होतं.

दुकान कॅम्पातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर काढायचं हे वरूनच ठरलं होतं. मोजकरांना फक्त कागदपत्रं पूर्ण करण्यासाठी पंधरा दिवस नेमलं होतं. त्यांनी दोन पानांचा अहवाल दिला. शेवटी लिहिलं होतं, "या रस्त्यावर गर्दी भरपूर आहे. ती बघायला येते आणि घरी जाऊन जेवते."

दिल्लीहून आलेले आमचे साहेब हसले. "काका, ब्रँड के पास लोग खुद आते हैं."

"येतील की," मोजकर म्हणाले. "बघायला."

आले. पहिल्या महिन्यात रांग फुटपाथवरून रस्त्यावर गेली. पाच जणांचं कुटुंब यायचं, बटाट्याच्या तळलेल्या कापांचं एक पाकीट घ्यायचं आणि एसीत तासभर बसायचं. सॉस फुकट आहे कळल्यावर लोक सॉसच्या पुड्या खिशात घालून नेऊ लागले. एका सद्‌गृहस्थांनी कोंबडीवरचं कुरकुरीत आवरण संत्र्याच्या सालासारखं सोलून शिस्तीत बाजूला ठेवलं आणि आतलं पांढरं मांस तेवढं खाल्लं, निघताना मला म्हणाले, "साल फार जाड आहे हो." मंगळवारी दुकान ओस, चतुर्थीला ओस, शनिवारी निम्मं. आणि श्रावणात तर आमची चाळीस माणसं एकमेकांचंच इंग्रजीतून स्वागत करत होती. दीड वर्षाने दुकान बंद झालं. कंपनीने पुणे सोडलं.

शेवटच्या दिवशी मोजकर आले. पहिल्यांदाच काउंटरवर जाऊन, रांगेत उभं राहून त्यांनी एक तुकडा विकत घेतला. माझ्यासमोर बसून सावकाश खाल्ला. हाडं कागदात गुंडाळली.

"वाईट नाही," ते म्हणाले. "पण मॅडम, हे एकट्याचं खाणं आहे."

"म्हणजे?"

"आमच्याकडे अर्धा किलो चिकन आणलं आणि दोन पाहुणे आले, तर रस्सा वाढतो. हा तुकडा वाढत नाही. ज्याच्या हातात आहे त्याचाच. पुण्यात अजून एकटी माणसं नाहीत. होतील तेव्हा तुमच्या साहेबांना परत बोलवा."

ते मला कायम मॅडम म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, पण त्यांना मुलगी नव्हती, मुलगाही नव्हता, त्यामुळे ही तुलना त्यांना सुचली नसावी.

काही वर्षांनी एकटी माणसं झाली. आयटी कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून अमरावती, चंद्रपूर, नांदेड, कुठून कुठून मुलं-मुली आल्या. चार जणांनी मिळून एक फ्लॅट, गॅसचं कनेक्शन नाही, रात्री आठला कंपनीच्या बसमधून उतरायचं आणि काहीतरी विकत घेऊन खोलीवर जायचं. मधल्या काळात मी दोन नोकऱ्या बदलल्या होत्या. तीच परदेशी कंपनी दुसऱ्या भागीदाराबरोबर परत आली तेव्हा मला बोलावणं आलं, आणि मी पहिल्याच बैठकीत मोजकरांचं नाव सुचवलं. या वेळी दुकानं लहान होती, भाताबरोबरची कोंबडी होती, शाकाहारी मंडळींसाठी वेगळी कढई आणि हिरवे ॲप्रन होते. जागा मात्र मोजकर ठरवत.

जागांचा त्यांचा एक नियम होता. रस्त्याला दोन बाजू असतात, एक कामाला जाणारी आणि एक घरी जाणारी. "सकाळी माणसाला फक्त पोचायचं असतं. संध्याकाळी त्याच्या डोक्यात जेवणाचा प्रश्न असतो. दुकान घरी जाणाऱ्या बाजूला पाहिजे. कोंबडीसाठी कुणी रस्ता ओलांडत नाही." हे ऐकायला सोपं आहे. पण समोरच्या बाजूला कोपऱ्याचा गाळा मिळत असताना, मालक चहा पाजत असताना, साहेबांना तो आवडलेला असताना "चुकीची बाजू" एवढे दोनच शब्द लिहून अहवाल देणं सोपं नव्हतं. येरवड्याच्या जागेच्या वेळी ऑफिसात सगळे म्हणाले, तुरुंगाच्या परिसरात कोण खायला येणार? मोजकर आठ दिवस तिथे उभे राहून आले. "तुरुंगात जाणारा माणूस सरकारी गाडीने जातो," ते म्हणाले. "आपल्याला सिग्नलला थांबणारा हवाय." ते दुकान आमच्या चांगल्या दुकानांपैकी एक झालं.

मग विश्रांतवाडीचं काम निघालं.

आळंदी रस्त्यावरच्या एका चौकात आम्हाला गाळा मिळत होता. त्याच्यासमोरच फुटपाथला लागून शेंडेबाईंची हातगाडी होती. शेंडेबाई भंडाऱ्याकडच्या. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगचं काम करायचा, आणि त्या रोज संध्याकाळी कोंबडीच्या तंगड्या तळायच्या. तांदळाचं पीठ, लसूण आणि डोळ्यांत पाणी आणणारं तिखट. मी मोजकरांना एक कागद सहीसाठी द्यायला गेले तेव्हा गाडीभोवती पंधरा-वीस मुलं उभी होती आणि शेंडेबाई एका हाताने झारा हलवत दुसऱ्या हाताने प्लास्टिकचं स्टूल मोजकरांकडे सरकवत होत्या.

"बसा ना जी काका. रोज येता अन् उभेच राहता. पाय नाही दुखत काय तुमचे?"

"बसलो की पलीकडची बाजू दिसत नाही."

"पलीकडं काय हाये? दवाखाना हाये. घ्या, हा एक पीस खाऊन बघा. पैसे नका देऊ."

"पैसे न देता खाल्लं तर मोजता येत नाही, बाई," मोजकर म्हणाले, आणि पैसे देऊन खाल्लं.

मग त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून तिसरं यंत्र काढून मला दाखवलं. हे फक्त शेंडेबाईंच्या गाडीशी थांबणाऱ्यांसाठी होतं. आकडा बघून मी खूश झाले. जागा सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नव्हता. "ही सगळी आपलीच गिऱ्हाइकं," मी म्हणाले. मोजकरांनी यंत्र परत खिशात घातलं.

जागा मंजूर झाली. करार व्हायच्या आतच शेंडेबाईंची गाडी चौकातून नाहीशी झाली. मला बरं वाटलं. कुणाला हटवावं लागलं नाही, कुणाशी वाद घालावा लागला नाही. त्या कुठे गेल्या असतील असा प्रश्न मला पडला नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

दुकान चाललं, पण ठरवलं होतं तितकं चाललं नाही. वर्षभराने आसपासच्या स्पर्धकांची पाहणी करायचं काम माझ्याकडे आलं. त्या भागात 'शेंडे चिकन फ्राय' नावाची तीन छोटी दुकानं निघाली होती. पाट्या पिवळ्या, टेबलं चारच, बाकी सगळं बांधून न्यायचं. तिन्ही दुकानं घरी जाणाऱ्या बाजूला होती. पहिल्या दुकानात शिरले तर गल्ल्यावर शेंडेबाई. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"तुमी त्या काकांच्या मॅडम ना जी? बसा, बसा. काका बरे हायेत ना?"

मी म्हणाले, बरे आहेत. आणि विचारलं, ही जागा तुम्हाला कशी सापडली?

"मले काय समजते जागेचं! त्यायनंच सांगतलं. म्हणे, बाई, इथं तीन महिन्यात मोठं दुकान येते, तुमची गाडी राहत नाही. तुमी आळंदी रोडनं पुढं जा, दुसऱ्या चौकात डाव्या हाताले, जिथं कंपनीच्या बसा पोट्ट्यायले उतरवते. माया नवरा म्हणे, हा बुढा आपल्याले हुसकावून राहिला. मी म्हटलं, दोन दिवस उभं राहून बघून तर या. तो उभा राहिला अन् तिसऱ्या दिवशी गाळा धरला." त्या हसत होत्या. हसत हसतच त्यांनी माझ्यासमोर ताटली ठेवली.

मोजकरांच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं, जागा नक्की होईपर्यंत कुणाला सांगायची नाही. मी ऑफिसला परत गेले नाही. थेट धायरीला गेले.

मोजकर अंगणात बसून पिनने स्टोव्ह साफ करत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काका, शेंडेबाईंना तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं."

"करारात लिहिलं होतं."

"वाचलं होतं."

"मग का सांगितलंत?"

त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी तिरकस बोलतील. पण ते वेगळ्याच गोष्टीवर गेले.

"कारखान्यात शेवाळे नावाचा एक जण होता. हात असा चालायचा त्याचा, की बघत राहावं. मी त्याच्यावर घड्याळ लावलं. त्याच्या वेगावरून सगळ्या लाइनचं माप ठरलं. वर्षभरात त्या लाइनवर बारा होते त्यांचे आठ झाले. जे चौघे गेले त्यांत तो होता. वय जास्त म्हणून. मला गेटवर भेटला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, साहेब, घड्याळ लावलंय हे आधी सांगितलं असतंत, तर जरा हळू केलं असतं."

त्यांनी पिन स्टोव्हशेजारी ठेवली.

"त्या बाईंची गिऱ्हाइकं मोजून मी तुमची जागा ठरवली," ते म्हणाले. "त्यांच्या स्टुलाशेजारी उभं राहून. आता त्यांना काय हळू तळा म्हणून सांगायचं? निदान दुकान येतंय एवढं तरी सांगायचं."

"मी अहवालात काय लिहू?"

"ते मला विचारू नका. माझ्या अहवालात काय लिहायचं हे मी कधी तुम्हाला विचारलं?"

आतून काकूंनी आवाज दिला, "जेवून जाणार असाल तर कुकर लावते. नसाल तर तसं सांगा." मी नाही म्हणाले आणि निघाले.

अहवालात मी जे कळलं ते लिहिलं. एकच वाक्य होतं, चौथ्या पानावर. ते गाळलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण चौथ्या पानापर्यंत साहेब पोचतील याची खात्री नव्हती. पण ते पोचले. आठवडाभरात मोजकरांचं काम थांबवलं गेलं. माझा अहवाल नेमका आणि निःपक्षपाती असल्याचं मला सांगण्यात आलं, आणि पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. मी मोजकरांना फोन केला नाही. त्यांनीच केला.

"मोजकर बोलतोय. साहेबांनी तुमचा अहवाल वाचून दाखवला. चांगला आहे. शेंडेबाईंच्या तिसऱ्या दुकानाशी बस थांबते असं लिहिलंय, ते चूक आहे. बस दुकानाच्या अलीकडे थांबते. दुरुस्त करा."

"काका, मी—"

"दुरुस्त करा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आमच्या जागा ठरवण्यासाठी कंपनीने एक मोठी सल्लागार संस्था नेमली. ते नकाशे आणि संगणकावरचे रंगीत तक्ते आणायचे. पुढे मोबाइलवरून जेवण मागवायची पद्धत आली आणि कोपरा, चौक, रस्त्याची बाजू यांना फारसा अर्थ उरला नाही. तळघरातल्या, दाराला पाटी नसलेल्या स्वयंपाकघरातून कोंबडी निघायची आणि मोटरसायकलवरून थेट दारात पोचायची. मी तोवर ती नोकरी सोडली होती. विश्रांतवाडीचं आमचं दुकान बंद झाल्याचं मला बाहेरूनच कळलं. शेंडेबाईंची दोन दुकानं गेली, एक राहिलं.

मोजकर गेल्याची बातमी कळायला मला चार दिवस लागले. त्यांचं काम थांबून तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी धायरीला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली होती, भेटायला येणारी माणसं येऊन गेलेली होती. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि सतरंजीवर शेंडेबाई बसल्या होत्या. मला बघून त्या सरकल्या. मी शेजारी बसले.

"लय चांगला माणूस होता, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी विचारत होतो, काका, आजकाल चौकात दिसत नाही. तर म्हणत, पाय दुखतात, सोडलं काम."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना काहीच माहीत नाही. गप्प बसता आलं असतं. मी बसले नाही.

"पाय दुखत नव्हते," मी म्हणाले. "काम काढून घेतलं त्यांचं. त्यांनी तुम्हाला जागा सांगितली होती म्हणून. आणि ते मी लिहून दिलं होतं."

शेंडेबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं.

"तुमाले कसं कळलं पण?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तोंडाला पदर लावला. "मीच सांगतलं जी. माया तोंडानं. तुमाले ताटली देली अन् हसत हसत सांगतलं."

त्या रडायला लागल्या. मग मीही. त्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोसमोर आम्ही दोघी रडत बसलो होतो आणि जिने रडायचं ती उभी होती.

काकूंनी आम्हाला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं का? आता माझं ऐका. आधी कारखान्याची दुसरी पाळी, मग तुमचे चौक. लग्न झाल्यापासून दिवे लावायच्या वेळेला हा माणूस मला घरात दिसला नव्हता. ते काम गेलं आणि पाच वर्षं रोज संध्याकाळी घरी होते. गच्चीत दोन खुर्च्या टाकून बसायचो आम्ही. बोलायचे काही नाहीत. नुसते बसायचे." त्या थांबल्या. पदराने चेहरा एकदा पुसला. "मी कुणाला दोष देणार नाही. पण सकाळपासून उभी आहे. एकीने तरी उठून चहाचं बघा."

शेंडेबाई उठल्या आणि आत गेल्या. पातेलं कुठे आहे, साखर कुठल्या डब्यात आहे, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. मी सतरंजीवर बसून राहिले. त्या घरी मी दुसऱ्यांदाच आले होते.